मला तेल घालू नका

तुरीची मूठभर डाळ.

नऊ फेरे.

कपाळावर लाल टिळा असलेलं एक काळं पाखरू. चालताना ते शेपटी उडवतं आणि शेपटीखालचं पांढरं क्षणभर दिसतं.

चौदा विळे.

भरलेला पितळी तांब्या. तो ज्याच्यापुढे धरला, त्याने दरवेळी हात जोडले.

चुन्याची पांढरी रेघ. सरळ. फारच सरळ.

"रिवाज आहे, साहेब."

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांचे कुणी लागत नाहीत, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. मला बोलायला तोंड नाही. मला एक चाक आहे, आणि तेही दुसऱ्याने फिरवावं लागतं. म्हणून माझी गोष्ट सरळ वाहत नाही. अडते, साचते, मग पुढे सरकते. तुम्ही कंटाळू नका. मीही कंटाळलेलाच आहे.

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. घराचा नाही, देवळाचा नाही, वेशीचा तर नाहीच. गावाच्या सगळ्या नाल्या जिथे येऊन मिळतात, त्या सांडपाण्याच्या हौदाचा मी दरवाजा. शाळेत तुम्हाला तलवारीचं आत्मवृत्त लिहायला सांगतात, नदीचं सांगतात. माझं कुणी सांगत नाही. म्हणून मीच सांगतो.

*

बंद

माझी ओतणी मुंबईच्या एका कारखान्यात झाली. पाठीवर सन १९१९ कोरलेलं आहे. बोटाने गंज खरवडलात तर अजून वाचता येईल. आगगाडीने मी नांदुऱ्याला आलो. स्टेशनात कापसाच्या गाठींशेजारी महिनाभर पडून राहिलो. मग बैलगाडीतून पूर्णा ओलांडून उत्तरेला, जळगाव जामोदच्या वाटेवरच्या या गावात. गावाचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की लोक त्या नावाला दोष देतात आणि स्वतः मोकळे होतात.

या भागात विहिरींचं पाणी खारं. जनावरंसुद्धा तोंड लावून मान वर करतात. म्हणून इथे पाण्याची परीक्षा एकच आहे, तुरीची डाळ. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. सकाळी चुलीवर ठेवा, दुपारी झाकण काढा, दाणा जसा टाकला तसा तळाशी बसलेला असतो. गोड्या पाण्यात तीच डाळ मेणासारखी मऊ होते. ज्या पाण्यात डाळ शिजते ते पाणी चांगलं. मुलगी द्यायची झाली तरी बाप आधी विचारतो, तुमच्या गावात डाळ शिजते का?

त्या काळी मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चाले. गावच्या कमिटीने बरीच खटपट करून सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गोड्या विहिरीतून नळ आणला. लोक खूश झाले. नळ आला म्हणून मोऱ्या वाहू लागल्या. मोऱ्या वाहू लागल्या म्हणून नाल्या खणल्या, नाल्यांच्या शेवटी हौद बांधला, आणि हौदाच्या तोंडाशी मला बसवलं.

माझं काम सोपं होतं. पावसाळ्यात हौदापलीकडचा नाला दुथडी वाहतो, तेव्हा मला उघडायचं. दसऱ्यापासून मृगापर्यंत मला बंद ठेवायचं. नऊ फेरे उजवीकडे, बंद. नऊ फेरे डावीकडे, उघडा. मी उघडा असलो की पाणी तडक नाल्यात जाई. मी बंद असलो की हौद भरे, आणि पाणी बाजूच्या ठेंगण्या काठावरून शेजारच्या सखल पडीत जमिनीत सांडे. तिथे ते पसरे, मुरे, रेंगाळे. चार-पाच दिवसांनी पलीकडच्या टोकाला पाझरून नाल्यात उतरे.

दोन-तीन वर्षांत त्या पडीत जमिनीत पाणकणीस उगवलं. पुरुषभर उंच, टोकाला तपकिरी कणसं. मग लव्हाळा. मग बेडूक. बेडकांमागून ढोकरी आली, ढोकरीमागून खंड्या. हिवाळ्यात लांब तांबड्या पायांचे शेकाटे चिखलात काहीतरी हरवल्यासारखे हिंडत. आणि ती पाणकोंबडी, लाल टिळ्याची. तिला मी आवडत असे. संध्याकाळी ती माझ्या चाकावर बसून अंग कोरडं करी.

हौदातून काळं पाणी जाई. पलीकडून स्वच्छ पाणी येई. तळाचे खडे दिसत इतकं स्वच्छ.

एकदा घोड्यावरून एक साहेब आले. त्यांनी दोन्हीकडचं पाणी दोन काचेच्या पेल्यांत घेतलं, उन्हात धरून पाहिलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली आणि वहीत लिहिलं, दरवाजा उत्तम काम देत आहे. कमिटीने मला लाल रंग दिला. दर पंधरा दिवसांनी एरंडीचं तेल मिळू लागलं.

आणि मी फुगलो. मित्रांनो, हे कबूल करायला मला आवडत नाही, पण तेव्हा माझीही खात्री पटली की पाणी मीच साफ करतो.

माझा सांभाळ करायला कमिटीने एक माणूस ठेवला होता, उकंडराव. दोन एकर कोरडवाहू शेत आणि मी, एवढ्यावर त्याचं घर चाले. शांत माणूस. फेरे मोजताना ओठ हलवायचा, तेवढंच त्याचं बोलणं. त्याला एकच मुलगी, कोकिळा. ती त्याने दीड कोसावरच्या खालच्या खेड्यात दिली होती. आमचाच नाला पुढे त्या खेड्यावरून जातो. तिथल्या बाया नाल्याच्या वाळूत हातभर खड्डा खणतात, त्यात झिरपून पाणी येतं. त्याला झिरा म्हणतात. त्या झिऱ्यात डाळ शिजत होती, म्हणून उकंडरावाने त्या गावात मुलगी दिली.

कोकिळेची सासू गोजरबाई. मोठ्या आवाजाची, मोठ्या पावलाची बाई. दर मंगळवारी ती बाजाराला निघाली की माझ्या हौदाच्या ओट्यावर टेकायची. टोपलीतून पितळी तांब्या काढायची आणि व्याह्यापुढे धरायची.

"इवाई, घ्या एक घोट. ऊन काय कमी आहे?"

"नको, इहीनबाई. नातू होऊ द्या, मंग हंडाभर पेतो."

"तोवर काय या दरवाजाले चाटत बसता?"

उकंडराव हसायचा आणि हात जोडायचा. त्यांच्यात रिवाजच होता. लेकीला मूल होईपर्यंत बापाने लेकीच्या सासरचं पाणी प्यायचं नाही. गोजरबाईला तो ठाऊक होता. तरी ती दर मंगळवारी तांब्या पुढे करायची, आणि तो दर मंगळवारी हात जोडायचा. मला त्या दोघांची गंमत वाटे.

एका मंगळवारी ती म्हणाली, "इवाई, आता हंडा घासून ठेवा. कोकिळेले दिवस गेले."

उकंडराव उठला. त्याने माझ्या चाकाला तेल घातलं, खरं तर तेल परवाच घातलं होतं.

*

उघडा, नऊ फेरे

सन एकतीसच्या माघात नागपूरहून पत्र आलं. चैत्रात आरोग्याचे साहेब गावची व्यवस्था पाहायला येणार.

कमिटीचे अध्यक्ष भगवानराव दुसऱ्याच दिवशी टांग्यातून हौदावर आले. नळ त्यांनीच आणला होता. शाळेचे पत्रे त्यांनीच बसवले होते. त्यांना अस्वच्छता सहन होत नसे. ते काठावर उभे राहिले आणि पाणकणसाकडे बघत राहिले.

"उकंडा, हे काय जंगल माजवलं बे?"

"म्या नाही माजवलं, मालक. आपोआप माजलं."

"साहेब येऊन राह्यले. त्याइले काय दाखवू, बेडकं?"

"मालक, पाणी याच्यातून जाते. मंग खाली जाते. खाली लोक पेतात."

"अन् याच्यात डास होतात, त्याचं काय? गावात घरोघर हिवताप. पाणी साचलं का घाण होते, वाहतं राह्यलं का साफ राह्यते. एवढं कळत नाही तुले?"

"पण मालक, गवत कापलं तर..."

"पाणी साफ कोण करते? हा दरवाजा करते. मागच्या साहेबानं लिहून ठेवलं आहे. त्याले रंग दे, तेल दे. गवत काप."

भगवानरावांनी शेवटचं विचारलं, "खालच्या झिऱ्यात डाळ शिजते का नाही?"

"शिजते."

"मंग?"

या "मंग"पुढे कुणाकडे काही नव्हतं. मित्रांनो, माझ्याकडेही नव्हतं. उलट, पाणी हा दरवाजा साफ करतो, हे शब्द ऐकून मला बरंच वाटलं. ते आठवलं की आजही माझ्या अंगाचा पापुद्रा सुटतो.

फाल्गुनात चौदा माणसं चौदा विळे घेऊन आली. दोन दिवस कापणी चालली. तिसऱ्या दिवशी वाळलेल्या ढिगाला आग लावली. धुरातून एक कासव हळूहळू माझ्या पायथ्याशी आलं आणि तीन दिवस तिथेच मान आत घेऊन बसलं. ढोकऱ्या बाभळीवर जाऊन बसल्या, मग तिथूनही उठल्या. पाणकोंबडी एका संध्याकाळी माझ्या चाकावर आली. समोर काळी जमीन होती. तिने शेपटी उडवली आणि ती चालत चालत नाल्याकडे गेली. पाखरू असून चालत गेली.

माझ्यापासून नाल्यापर्यंत एक सरळ पाट खणला. पाटाच्या दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ ओढली. भगवानराव ती रेघ पाहून खूश झाले. ती खरोखरच सुंदर दिसत होती. तेच तर मला सलतं.

मग उकंडरावाने चाक धरलं. मी कुरकुरलो. जेवढं माझ्या हाती होतं तेवढं मी केलं. त्याने थांबून तेल घातलं. मग मी काय करणार? एक, दोन, तीन. त्याचे ओठ हलत होते. नऊ.

गावाचं सगळं धुतलेलं, खरकटं, आजाऱ्यांच्या अंथरुणांचं पाणी माझ्यातून निघालं आणि चुन्याच्या दोन रेघांमधून सरळ खाली गेलं. जिथे चार-पाच दिवस लागत होते, तिथे आता फार तर पाव घटका.

पुढच्याच मंगळवारी गोजरबाई आली. तांब्या पुढे, हात जोडलेले. मग ती म्हणाली, "इवाई, आमच्या झिऱ्याले पाणी वाढलं. बरं केलं तुम्ही."

उकंडराव इकडेतिकडे पाहून म्हणाला, "इहीनबाई, ते पाणी काही दिवस पेऊ नका."

"काऊन?"

"गवत कापलं."

"गवत कापलं त काय डाय शिजत नाही?" डाळीला ती डाय म्हणे. "पहिलेपेक्षा लवकर शिजून राह्यली."

ते खरं होतं. झिऱ्यात आता गावच्या नळाचं गोडं पाणी जास्त येत होतं. डाळीला फक्त मीठ कळतं. बाकीचं काही कळत नाही.

"वास येत नाही का?" उकंडरावाने विचारलं.

गोजरबाईने तांब्या टोपलीत ठेवला. तिचा चेहरा बदलला होता. "लेक देताना डाय पाहून दिली ना तुम्ही? आता आमच्या पाण्याले वास यायले लागला. अन् तुमाले काय ठाऊक, इवाई? तुम्ही तं आमच्या घरचं पाणी कधी तोंडाले लावलं नाही."

"तसं नाही, इहीनबाई. कोकिळेले माह्या घरी पाठवा. गावात नळ आहे."

"सातवा लागला का ओटी भरून पाठवतो. पाचव्यात नेली तर लोक म्हणतील, सासूनं उपाशी ठेवली. असं नाक मुरडणं बरं नाही, इवाई."

ती उठून गेली. मुलीच्या बापाचा ताठा, असं तिला वाटलं. ज्याने आयुष्यात त्या पाण्याचा घोट घेतला नाही, त्याने ते पाणी वाईट म्हणावं, आणि त्यावर कुणी विश्वास ठेवावा, हे कसं व्हायचं?

चैत्रात साहेब आले. नागपूरचे मराठीच गृहस्थ होते, सभ्य आणि नेमके. हौदाशेजारी मांडव घातला होता. भगवानरावांना आपला पाट दाखवायचा होताच, पण त्याहून मोठा पुरावाही दाखवायचा होता. त्यांनी खालच्या खेड्यातून झिऱ्याच्या पाण्याच्या दोन घागरी आणि गोजरबाईला बोलावून घेतलं होतं. माझ्यासमोर तीन दगडांची चूल पेटली. तिने डाळ धुतली, घागरीतलं पाणी ओतलं, आणि पदर खोचून बसली. साहेबांना तिने डोळ्यांनीच बजावलं, बघा आता.

डाळ शिजली. तिने पळीने घोटली, दाणा उरला नाही. माणसं हसली, एकमेकांकडे बघून मान हलवली. पत्रावळी मांडल्या, भाकरी वाढली. साहेब जेवले, भगवानराव दोनदा वाढून घेऊन जेवले, विळे चालवणारे चौदा जणही जेवले.

उकंडराव माझ्याजवळ उभा होता. गोजरबाईने त्याच्यापुढे पत्रावळ धरली. त्याने हात जोडले.

साहेबांनी पाहिलं. "का हो, तुम्ही नाही जेवत?"

सगळे थांबले. मित्रांनो, मीही थांबलो, म्हणजे माझ्यातून वाहणारं पाणीसुद्धा मला त्या वेळी ऐकू आलं नाही. विचारलं होतं. नेमकं त्यालाच विचारलं होतं. मी मनात म्हणालो, बोल उकंडराव. बोल रे. तुझं चाक कुणी दुसऱ्याने फिरवायला नको.

उकंडरावाने भगवानरावांकडे पाहिलं.

"रिवाज आहे, साहेब. लेक दिली आहे त्या गावात."

"कडक माणूस आहे आमचा," भगवानराव म्हणाले. सगळे हसले. गोजरबाई सगळ्यांत मोठ्याने हसली.

निघताना साहेब काठावर थांबले. काळ्या पडलेल्या जमिनीकडे हात करून म्हणाले, "इथे आधी काही होतं का?"

उकंडरावाचं तोंड उघडलं. मी पाहिलं. अर्धा फेरा, त्याहून जास्त नाही.

"गवत होतं, साहेब," भगवानराव म्हणाले.

"बरं," साहेब म्हणाले, आणि त्यांनी वहीत लिहिलं.

डाळ खाल्लेल्या एकालाही काही झालं नाही. कसं होणार? ती उकळलेली होती. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, दोन डॉक्टर माझ्या ओट्यावर बसून बोलत होते तेव्हा. पण त्या चैत्रात अख्ख्या तालुक्याला एवढंच कळलं की डाळ शिजली, सगळे जेवले, सगळे ठणठणीत आहेत. खेड्यातल्या बाया झिऱ्याचं पाणी आणखी निर्धास्तपणे पोरांना देऊ लागल्या. न उकळता.

*

बंद, पण उशिरा

वैशाखात खालच्या खेड्यात मुदतीचा ताप आला. आधी एक घर, मग तीन, मग सात.

गोजरबाई मंगळवार नसताना आली. टोपली नव्हती, तांब्या नव्हता. ती ओट्यावर टेकली नाही.

"इवाई, कोकिळेले ताप आहे. आज आठवा दिवस."

उकंडराव खाली बसला.

"तुमाले ठाऊक होतं," ती म्हणाली.

"म्या सांगितलं होतं, इहीनबाई. तुम्ही म्हटलं, नाक मुरडतो."

"मले सांगितलं." तिचा आवाज मोठा नव्हता. मी तिचा लहान आवाज पहिल्यांदा ऐकला. "मी अडाणी बाई. मले डाय कळते. साहेबानं तुमाले विचारलं, त्याले काऊन नाही सांगितलं? एवढी माणसं जेवून राह्यली होती. तुम्ही हात जोडून उभे. मी हसली, इवाई. मी हसली तेव्हा."

उकंडराव उठला. कमिटीचा हुकूम नव्हता, कुणी सांगितलं नव्हतं. त्याने चाक धरलं आणि नऊ फेरे फिरवले. ओठ हलत नव्हते, या वेळी त्याने मोजलं नाही. मी पुरता बंद झालो. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. मी बंद आहे. पाणी मी साफ करतो.

हौद भरला. पाणी ठेंगण्या काठावरून पूर्वीसारखंच पडीत जमिनीत सांडलं. तिथे आता करपलेली माती होती आणि कापलेल्या कणसांचे बुडखे. पाणी त्यांच्यामधून घरंगळलं, कुठे थांबलं नाही, कशात अडकलं नाही. थोड्याच वेळात ते पलीकडच्या टोकाला पोहोचलं आणि नाल्यात पडलं. जसं गेलं तसंच. काळं.

तेव्हा मला कळलं. मी कधीच काही साफ केलं नव्हतं. मी फक्त आडवा उभा होतो. काम दुसरंच कुणी करत होतं, आणि थाप माझ्या पाठीवर पडली होती.

मी बंद होतो. पूर्ण बंद होतो. काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी माझ्यासमोरून गेली. गाडीत कोकिळा निजलेली होती, डोक्याशी गोजरबाई, आणि बैलांपुढे उकंडराव. मुलगी माहेरी चालली होती. ओटी भरली नव्हती. एकवीस दिवस ताप राहिला. एकवीस दिवसांनी कोकिळा उठून बसली. पोटातलं राहिलं नाही, आणि पुढेही कधी राहिलं नाही.

भगवानराव त्या महिन्यात एकदा आले. एकटेच, पायी. बराच वेळ काठावर उभे होते.

"कोकिळा कशी आहे?"

"बसते आता, मालक."

"दरवाजा बंद राहू दे," ते म्हणाले, आणि गेले. त्यांनी खालच्या खेड्यात दवंडी पिटवली, पाणी उकळून प्या. लोक म्हणाले, कशाला, डाळ तर शिजते. भगवानराव वाईट माणूस असते तर मला बरं झालं असतं. राग कुठे ठेवायचा ते कळलं असतं.

*

गंजून बंद

पुढच्या दसऱ्यानंतर गोजरबाई पुन्हा मंगळवारी येऊ लागली. ओट्यावर टेकायची. मग एकदा तिने टोपलीतून तांब्या काढला.

"इवाई, आता सोडा तो रिवाज. पेऊन घ्या. उकळून आणलं."

उकंडरावाने हात जोडले. नातवाचं काही म्हणाला नाही.

तिने तांब्या थोडा वेळ तसाच धरला. मग उठली, आणि ते पाणी माझ्या चाकावर ओतलं. सगळं. शांतपणे, तुळशीला घालतात तसं.

उकंडराव बघत होता. तेलाची बाटली त्याच्या हाताशी होती. त्याने ती उचलली नाही.

त्यानंतर दर मंगळवारी हेच. तांब्या पुढे, हात जोडलेले, पाणी माझ्या चाकावर. उकंडरावाने मला पुन्हा कधी तेल घातलं नाही. पहिल्या वर्षी माझा रंग सुटला. दुसऱ्या वर्षी चाक जड झालं. पाचव्या वर्षी कमिटीत नवी माणसं आली. वास येतो म्हणून त्यांनी मला उघडायचा हुकूम दिला. चार गडी चाकाला लोंबकळले. मी हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काही करायला लावू शकलं नाही. मी गंजलो होतो आणि मी बंद होतो.

पावसाळ्यात पाणी माझ्या डोक्यावरून जातं. जाऊ दे.

त्या करपलेल्या मातीत कुणी काही लावलं नाही. पहिल्या दोन वर्षांत नुसता चिखल. मग एका कोपऱ्यात चार पाती. मग लव्हाळा. मग बेडूक, आणि बेडकांमागून ढोकरी. पाण्याला पलीकडे पोहोचायला एक दिवस लागू लागला, मग दोन, मग पूर्वीइतके. एका संध्याकाळी माझ्या चाकावर काहीतरी बसलं. अंधार पडला होता, नीट दिसलं नाही. पण शेपटीची ती उडवणूक मला ओळखू आली.

उकंडराव आता नाही. गोजरबाई आहे, पण एवढं चालवत नाही. कधी कधी कोकिळा येते, तांब्या घेऊन. तीही ओट्यावर टेकते. ती माझ्यावर पाणी ओतते आणि जाते.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने नेहमी शेवटी हात जोडतात आणि म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मला तसलं काही म्हणायचं नाही. परवा एक तरुण ओव्हरसियर आला होता. हुशार दिसतो. त्याने माझ्यावर हातोडी मारून पाहिली, पाणकणसाकडे पाहिलं, आणि बरोबरच्या माणसाला सांगितलं की पुढच्या महिन्यात नागपूरहून साहेब येणार आहेत, हे सगळं नीट करून घ्यायला हवं. तेलाचा डबा तो ओट्यावर ठेवून गेला आहे. डबा अजून तिथेच आहे.

तुम्ही इकडे पाखरं बघायला येता, ते मला ठाऊक आहे. दगड मारता, तेही ठाऊक आहे. दगड माझ्यावर मारा, मला काही होत नाही. पण तो डबा दिसला तर उचलून घरी न्या, दिव्यात घाला, केसांना लावा, काहीही करा. मला रंग देऊ नका. माझी प्रशंसा लिहू नका. कुणी विचारलं, इथे आधी काय होतं, तर गवत होतं असं म्हणू नका. नावं घ्या. पाणकणीस म्हणा, लव्हाळा म्हणा, ढोकरी म्हणा, पाणकोंबडी म्हणा. आणि विचारलं तर लगेच बोला. कुणाकडे बघू नका.

मला तेल घालू नका.

त्या चैत्रात, साहेबांसमोर, डाळ पाऊण तासात शिजली होती.